तुडुमाचा अनुवाद

आमच्या गावच्या तलावाचं तुडूम अजून दुरुस्त झालेलं नाही. गावात यासाठी सरकारला नावं ठेवतात आणि मी समोर असलो की मीही मान हलवतो. पण खरं सांगायचं तर यात सरकारचा नंबर माझ्यानंतर लागतो. हे मी आजवर मोजक्या माणसांना सांगितलं आहे. आता लिहून टाकतो, म्हणजे निदान पुन्हा मान हलवायची सोय उरणार नाही.

आमच्या भागातले तलाव माणसांनी बांधलेले आहेत. आमच्याच घराण्यातल्या कुणी तरी, कित्येक पिढ्यांमागे, दोन टेकड्यांच्या मधे मातीची पाळ घालून नाला अडवला. त्या पाळीच्या पोटातून पाणी बाहेर सोडायची दगड-चुन्याची वाट असते, तिला तुडूम म्हणतात. त्याला एकाखाली एक भोकं असतात आणि प्रत्येक भोकाला लाकडी बूच. तलावातलं पाणी उतरत जाईल तसं खालचं बूच काढायचं. ते काढण्याचा अधिकार गावात एकाच माणसाला असतो, पाणकराला. कुणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, कोणत्या दिवशी पाणी जाईल हे तो ठरवतो, आणि त्याच्यापुढे सरपंचाचंही चालत नाही. आमच्या गावचा पाणकर म्हणजे माझ्या वडिलांचा चुलतभाऊ, माझा काका.

आमची जमीन तुडुमाला लागून, नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, तोंडाशी आहे. ती माझा मोठा भाऊ करतो. काकाच्या तीन बांध्या नहराच्या शेपटाला, जिथं पाणी पोहोचलं तर सर्वांत शेवटी पोहोचतं. गावचा रिवाज असा की पाणी तोंडाकडून सुरू करायचं. आता सर्वांत खालच्या भोकाजवळचा चुना फुटला होता. बूच लावलं तरी तिथून पावसाळाभर पाणी झिरपत राहायचं, आणि दसऱ्यानंतर धान निसवायला, म्हणजे लोंब्या टाकायला, लागला, त्याला शेवटचं एक पाणी हवं असलं, की तलाव खाली बसलेला असायचा. आमच्या बांध्या भिजायच्या. काकाच्या कोरड्या राहायच्या. गावाला पाणी वाटणारा माणूस दरवर्षी स्वतः पोचट धान घरी न्यायचा. रिवाज मोडून स्वतःकडे पाणी ओढलं असतं तर कुणी काही बोललं नसतं, असं मला वाटतं. पण त्याने ते केलं नाही. त्याने अर्ज केले. कितीतरी वर्षं अर्ज केल्यावर एक इंजिनिअर येऊन मापं घेऊन गेला आणि पुढच्या उन्हाळ्यात काम होईल असं सांगून गेला. काका ते सगळ्यांना सांगत फिरायचा. मलाही दोनदा सांगितलं.

मी आमगावला एका कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवतो. शिकवतो म्हणजे मी हिंदीत समजावतो, मुलं आपापल्या घरच्या बोलीत समजून घेतात आणि पेपर इंग्रजीत येतो. पोळ्याच्या आधी एक दिवस मला जिल्ह्याच्या कचेरीतून एका साहेबांचा फोन आला. जगापुढची आव्हानं सोडवण्यासाठी एक आंतरराष्ट्रीय संस्था आणि आपल्या खासदारांची एक समिती सहकार्य करणार होती. सहकार्याची सुरुवात एखाद्या गावापासून व्हावी असं ठरलं होतं आणि आमचं गाव निवडलं गेलं होतं. त्यांना दुभाषी हवा होता. नागपूरहून आणलेल्याला इथली बोली कळत नव्हती आणि इथल्यांना इंग्रजी येत नव्हतं. तुम्हाला दोन्ही येतं असं कळलं, साहेब म्हणाले. आमचंच गाव का निवडलं, असं मी विचारलं. रस्ता चांगला आहे, ते म्हणाले.

मला लाज वाटते, पण त्या फोननंतर मी आरशासमोर बराच वेळ उभा होतो. पन्नाशीला आलेल्या माणसाला अखेर कुणीतरी सांगितलं होतं की जगाला त्याची गरज आहे. मी गोंदियाला जाऊन नवीन जाकीट घेतलं. दुकानदाराने विचारलं, "शादी में जाना है क्या सर?" मी त्याला जागतिक आव्हानांबद्दल थोडक्यात सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तो फिर डार्क कलर ही लीजिए."

साहेबांनी अभ्यासासाठी एक टिपण पाठवलं होतं. त्यात सहकार्य हा शब्द इतक्या वेळा आला होता की शेवटी तो वाचताना डोळा आपोआप पुढे सरकायचा. मी एक वही सुरू केली, एका बाजूला इंग्रजी शब्द आणि दुसऱ्या बाजूला मराठी. 'स्टेकहोल्डर'ला गावात काय म्हणतील ते मला दोन दिवस सुचेना. मग 'लोक' असं लिहिलं.

टिपणातलं आव्हान असं होतं. धानाच्या बांधीत पाणी साचून राहिलं की खालच्या चिखलातून एक वायू निघतो. तो वर जातो आणि पृथ्वी तापवतो. यावर उपाय म्हणजे मधूनमधून बांधीतलं पाणी काढून टाकायचं, चिखल थोडा सुकू द्यायचा आणि परत पाणी भरायचं. मी हे भावाला सांगितलं. तो बैलाच्या पाठीवरून हात फिरवत होता. तो म्हणाला, "पहाय बापा. इतके वर्स आपन जग तापवून राहिलो अना आपल्यालेच मालूम नाई." मी त्याच्या अज्ञानाला हसलो. त्याने हात फिरवणं चालू ठेवलं.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी साहेब पाहणीला आले. मंडप कुठे, खुर्च्या कुठे, खासदार कोणत्या बाजूने उतरतील हे ठरलं. मग आम्ही पाळीवर गेलो. खाली नहराच्या तोंडातून, पाणी सोडलेलं नसताना, हाताच्या मनगटाएवढी धार वाहत होती. साहेब तिच्याकडे बघत राहिले. काका थोडा मागे उभा होता. साहेबांनी मला बाजूला घेतलं आणि कार्यक्रमाचा विषय पाण्याचं नियोजन आहे याची आठवण करून दिली. एवढंच. बुजवा असं ते म्हणाले नाहीत. हे मी त्यांच्या बाजूने मुद्दाम नोंदवतो, कारण मी बुजवण्याचं वचन देऊन बसलो होतो आणि त्यांनी तर ते मागितलंही नव्हतं.

आमच्याकडे मुलगी बघायला पाहुणे येणार असले की शेजारच्या खुर्च्या येतात, समोरच्यांच्या कपबशा येतात, पोपडे आलेल्या भिंतीवर कॅलेंडर लागतं. सगळ्या आळीला ते माहीत असतं. पाहुण्यांनाही माहीत असतं, कारण त्यांनी आपल्या घरी हेच केलेलं असतं. त्यामुळे त्या दुपारी मी ग्रामपंचायतीत जाऊन एका दिवसापुरती धार बंद करावी लागेल असं म्हटलं तेव्हा कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. सरपंचबाई लगेच म्हणाल्या, बोरे, म्हणजे पोती, मी देते. कुणी तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, देतो म्हणाला. पाळीवरचं गवत कापायलाही माणसं निघाली. कॅलेंडर लावायचं होतं, फक्त जरा मोठं.

एकटा काका नाही म्हणाला.

"बाहेरून तोंड बुजवलं का पानी पाळीच्या पोटात शिरते गा," तो मला म्हणाला. "मंग ते आपली वाट आपनच काढते."

मी त्याला समजावलं. समजावणं हा माझा धंदाच आहे. चार तासांचा प्रश्न आहे म्हणालो. ही माणसं दिल्लीत बोलतात, बाहेरच्या देशांत बोलतात, त्यांच्यावर छाप पडली तर तुझं तुडूम एका दिवसात मंजूर होईल, असं म्हणालो. फुटकं तुडूम दाखवूनच ते दुरुस्त होण्याची शक्यता जास्त आहे, ही साधी गोष्ट तेव्हा त्या खोलीत कुणालाच सुचली नाही, आणि मी तर त्या खोलीत सर्वांत शिकलेला माणूस होतो. काकानेही शेवटी तेच पाहिलं. तो म्हणाला, "तू शिकलेला माणूस आहेस. तू म्हनतेस तं बुजवतो." आणि त्यानेच नहरात उतरून मातीने आणि तणसाने भरलेले बोरे तुडुमाच्या तोंडात ठोकून बसवले. वर हिरवळीचे तुकडे लावले. सरपंचबाईंनी झेंडूची एक कुंडी ठेवायला सांगितली.

दुसऱ्या दिवशी गाड्या आल्या. मंडपात इतका लांब फलक लागला होता की आंतरराष्ट्रीय संस्थेचं आणि खासदारांच्या समितीचं सहकार्य एका खांबापासून सुरू होऊन कडुनिंबापर्यंत जात होतं. समितीचे प्रमुख दुसऱ्या राज्यातले खासदार होते, हिंदीत बोलत होते आणि चांगलं बोलत होते. संस्थेच्या बाई उंच, शांत, रबरी बूट घालून आलेल्या. आपल्या संस्थेला अशा लोकप्रतिनिधींचं सहकार्य हवं आहे, असं बाई म्हणाल्या. लोकप्रतिनिधींना अशाच संस्थेचं सहकार्य हवं होतं, असं खासदार म्हणाले. सहकार्य मातीपासून सुरू झालं पाहिजे, असं बाई म्हणाल्या. माती आमची माता आहे, असं खासदार म्हणाले. हे बराच वेळ चाललं. मी लोकांना मराठीत सांगितलं की दोघांचं जमलं आहे. मागून एक म्हातारी म्हणाली, "मंग साखरपुडा कधी?" मी ते इंग्रजीत सांगितलं नाही. आता वाटतं, त्या दिवशी मी गाळलेल्या गोष्टींपैकी तेवढी एकच गाळण्यासारखी होती.

मग सगळे पाळीवर आले. तलाव काठोकाठ भरलेला, पाळ छाटलेली, तुडुमाच्या तोंडाशी झेंडू. बाईंनी वायूची गोष्ट सांगितली आणि मी ती काकाला सांगितली. मी चांगली सांगितली होती. काकाने मधे दोन प्रश्न विचारले, तेही चांगले होते. पाणी किती दिवस काढून ठेवायचं आणि धान निसवताना काढायचं की त्याच्या आधी. बाईंनी उत्तरं दिली तेव्हा त्यांचा चेहरा उजळला, कारण नेमके हेच प्रश्न आतापर्यंत त्यांना कुणी विचारले नव्हते. त्यांनी मला सांगितलं, यांना विचारा, हे करता येईल का.

काकाने तलावाकडे पाहिलं, मग खाली नहराकडे, मग बाईंकडे. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं म्हणणं ऐकायला कुणी समुद्र ओलांडून आलं होतं. त्याने माझ्याकडे न बघता थेट त्यांच्याकडे बघून सांगितलं, जणू बोली त्यांना कळणार होती.

"पानी काढाले काई हरकत नाई जी. पन काढलेलं पानी परत भरून कोन देईल? आमचं तुडूम फुटलं आहे. खालचं भोक बंदच होत नाई. तुमी आले म्हनून काल आमी बोरे ठोकून बुजवलं. ते पक्कं करून द्या, मंग तुमी म्हनान तेव्हा काढतो, म्हनान तेव्हा भरतो. तुमचं काम होते, आमचंही होते."

हे लिहितानाही मला जाणवतं की त्या संपूर्ण दिवसात, फलकासकट, सहकार्याबद्दल जे काही बोललं गेलं त्यात अर्थ असलेली वाक्यं ही एवढीच होती. आणि त्यांचा अनुवाद करण्याचं काम माझं होतं.

मी काय केलं ते सांगतो. 'काल आमी बोरे ठोकून बुजवलं' हे माझ्या कानावर पडलं. साहेब दोन हातांच्या अंतरावर उभे होते. बोरे ठोकायला मी सांगितलं होतं. नवीन जाकिटात मला घाम आला. मी इंग्रजीत म्हणालो की गावातले हे ज्येष्ठ गृहस्थ आपलं स्वागत करतात, पाण्याचं नियंत्रण ही इथली पिढ्यानपिढ्यांची विद्या आहे, आणि जगाच्या हितासाठी हा तलाव आणि हे गाव पूर्ण सहकार्य करायला तयार आहे. वहीत लिहिलेले तीन शब्द मी त्यात बसवले. वाक्य फार छान झालं. खासदारांनी मान डोलावली.

बाईंनी मात्र लगेच लिहून घेतलं नाही. त्या काकाच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. तो चेहरा स्वागताचा नव्हता. त्यांनी मला विचारलं, या बांधकामातून पाणी वाया जातं का?

हा प्रश्न काकाला होता. मी काकाकडे वळलोसुद्धा नाही. मी म्हणालो, नाही, आपण बघताच आहात.

त्यांनी खाली झेंडूकडे पाहिलं आणि मग लिहून घेतलं.

काकाने माझी बाही ओढली. "बराबर सांगतलास ना गा? मी येवढूसं बोललो, तू तं लंबंच बोललास."

"हो काका," मी म्हणालो. "इंग्रजीत लांब होतं."

फोटो झाले. बाईंनी काकाचा एकट्याचा फोटो काढायला लावला, पाळीवर, तलावाकडे हात करून. पाहुणे जेवायला दरेकशाच्या बाजूला निघून गेले. तिथली डोंगराची हवा त्यांना आवडली असं नंतर कळलं. मी गावातच भावाकडे जेवलो आणि दिवस मावळायच्या जरा आधी लोक पाळीकडे पळताना दिसले. बोरे उडाले होते. कोंडलेलं पाणी काकाने सांगितल्याप्रमाणे आधी पाळीच्या पोटात शिरलं होतं आणि बाहेर पडताना खालच्या भोकाभोवतीचे चार-पाच दगड घेऊन आलं होतं. मनगटाएवढी धार मांडीएवढी झाली. झेंडूची कुंडी आमच्या बांधीत सापडली, फुलांसकट.

काका नहरात कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून माती टाकत होता. मीही उतरलो. जाकीट काढायचं राहून गेलं. तो दुसऱ्या माणसांना म्हणाला, "होऊन जाईल दुरुस्त. यानं सांगतलं आहे त्याईले."

हे वाक्य घेऊन मी आमगावला परत आलो आणि पुढचे सहा-सात आठवडे गावाकडे गेलो नाही. परीक्षा आहेत असं भावाला कळवलं. परीक्षा होत्याच. कुठल्या ना कुठल्या नेहमीच असतात.

दरम्यान आमचा तलाव दिल्लीत पोहोचला. खासदारांनी कुठल्याशा परिषदेत त्याचा उल्लेख केला, त्याची चित्रफीत गावभर मोबाईलवर फिरली. गाव खूश होतं. सरपंचबाईंनी पेढे वाटले. तुडुमातून पाणी वाहतच होतं.

दसऱ्यानंतर एका रविवारी सकाळी काका आमगावला माझ्या घरी आला. बसने आला होता. पिशवीत दोन कागद होते. पहिला इंजिनिअरच्या कचेरीतला, मराठीत. तो त्याने वाचून घेतलेला होता, पण विश्वास बसला नव्हता. आपल्या तलावाचं तुडूम सुस्थितीत असल्याचं पाहणीत नमूद झालं असल्याने दुरुस्तीचा प्रस्ताव परत करण्यात येत आहे, असं त्यात होतं. कुणी पाहणी केली, असं काकाने तिथं विचारलं होतं. तेव्हा तिथल्या बाबूने त्याला एका चकचकीत अहवालातलं एक पान काढून दिलं होतं. ते इंग्रजीत होतं. त्याच्यावर काकाचा फोटो होता, पाळीवर, तलावाकडे हात केलेला.

"हे वाचून दाव," काका म्हणाला. "बाबू म्हने, तुमीच तं बोलले. मी काय बोललो ते मले वाच."

आमच्याकडे मुलाचा जन्मदाखला निघायला जेवढे दिवस लागतात त्याहून कमी दिवसांत तो अहवाल निघाला होता. फोटोखाली अवतरणचिन्हांत माझं वाक्य होतं. पिढ्यानपिढ्यांची विद्या होती, जगाचं हित होतं, पूर्ण सहकार्य होतं. वहीतले तिन्ही शब्द होते. पुढे एका ओळीत, स्थानिक तज्ज्ञांच्या म्हणण्यानुसार बांधकामातून पाण्याचा अपव्यय होत नाही, असं. स्थानिक तज्ज्ञ मी होतो.

मी तेव्हाही काही तरी रचू शकलो असतो. छपाईची चूक म्हणता आलं असतं. ते तोंडात आलंही होतं. पण तो खुर्चीत पुढे सरकून बसला होता, आपलंच बोलणं ऐकायला, आणि त्याने घरून निघताना धुतलेला सदरा घातला होता. मी ते पान मराठीत वाचून दाखवलं, शब्दाला शब्द. मग सांगितलं की हे तू बोलला नाहीस, हे मी बोललो. बाईंनी गळतं का असं विचारलं होतं, आणि तुला न विचारता मी नाही म्हणालो.

बायकोने चहा आणून ठेवला होता. ती आत गेली. काकाने ते पान माझ्या हातातून घेतलं.

"काऊन पन?" तो म्हणाला.

"बोरे ठोकले हे सांगितलं असतं तर माझी फजिती झाली असती."

"येवढंच?"

"एवढंच."

त्याने चहा प्यायला. बशी खाली ठेवली. मला वाटलं होतं तो शिव्या देईल, आणि दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. तो म्हणाला, "बाईले समजलं होतं गा. ते माह्याकडे पाहून राहिली होती. तू मधात उभा होतास."

निघताना दारात त्याने सांगितलं की तलावात शेवटचं एक पाणी सगळ्यांना पुरेल एवढं उरलेलं नाही, निम्म्या नहराला होईल. या वर्षी तो पाणी शेपटाकडून सुरू करणार होता. वरची बुचं आता कामाची नव्हती, म्हणून नहराच्या तोंडाकडचे सगळे फाटे बुजवून धार सरळ खाली न्यायची, मग वर वर यायचं. त्याच्या बांध्या पहिल्या, आमच्या शेवटच्या. म्हणजे आमच्यापर्यंत ते येणार नव्हतं. असं आजवर कधी झालं नव्हतं. पाणकराला तो अधिकार आहे, पण कुणी वापरला नव्हता. गावाला कारण काय सांगशील, मी विचारलं. तो म्हणाला, "तुह्या भावाले तू सांगजो. गावाले मी पाहीन."

मी त्याच दुपारी गावी गेलो. प्रायश्चित्त घ्यायला मी तयार होतो, इतका तयार की मोटारसायकलवर मला हलकं वाटू लागलं होतं. बांधीवर पोहोचल्यावर लक्षात आलं की जमीन भाऊ करतो. चिखल त्याने केला, रोवणीला वहिनी वाकली, निंदण दोघांनी काढलं. पाप इंग्रजीत मी केलं होतं आणि त्याचं प्रायश्चित्त भावाच्या धानाने करायचं होतं. मी त्याला सगळं सांगितलं. तो ऐकत असताना धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं, गवत उपटत होता. शेवटी त्याने विचारलं, "ते बाई काय पुसून राहिली होती?"

"पाणी वाया जातं का."

"अना तुनं नाई सांगतलं."

"हो."

"मले पुसतेस तं मीबी सांगतलं असतं, जाते म्हनून," तो म्हणाला. "मले तं इंग्रजी येत नाई." मग तो उठून आमच्या फाट्याचं तोंड बुजवायला गेला. काका यायच्या आधी त्यानेच ते बुजवलं.

मी पत्रं लिहिली. एक आंतरराष्ट्रीय संस्थेला, एक खासदारांच्या समितीला. दोन्हीत लिहिलं की अहवालातलं ते वाक्य त्या गृहस्थांचं नसून माझं आहे, तुडूम फुटलेलं आहे आणि त्या दिवशी ते माझ्या सांगण्यावरून झाकलेलं होतं. काकाची मूळ पाच-सहा वाक्यं या वेळी जशीच्या तशी इंग्रजीत केली. ती इंग्रजीत फार लांब झाली नाहीत.

उत्तरं दोन्हीकडून आली, हे मला मान्य केलं पाहिजे. संस्थेने माझ्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं आणि एखाद्या देशातल्या बांधकामाची दुरुस्ती हा त्या देशाच्या लोकप्रतिनिधींचा अधिकार असल्याने त्यात संस्था हस्तक्षेप करू शकत नाही, असं कळवलं. समितीने माझ्या जागरूकतेबद्दल आभार मानले आणि अहवाल आंतरराष्ट्रीय संस्थेचा असल्याने त्यातला मजकूर बदलण्याचा अधिकार समितीला नाही, असं कळवलं. दोन्ही पत्रांत दुसऱ्या पक्षाशी असलेल्या घनिष्ठ सहकार्याचा उल्लेख होता. दोन्ही पत्रांची प्रत एकमेकांना गेली होती. मी दोन्ही नेऊन इंजिनिअरच्या कचेरीत दिली. तिथल्या बाबूने ती फाइलला लावली आणि फाइल आता जाड झाली आहे असं समाधानाने सांगितलं. नवीन प्रस्ताव करायला हरकत नव्हती. फक्त जुना परत का गेला हे त्यात लिहावं लागेल, म्हणजे अहवालाच्या विरोधात लिहावं लागेल, आणि त्यावर सही कोण करणार हे अजून ठरायचं आहे. मी दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी जाऊन बसतो. बाबू आता मला चहा विचारतो.

त्या वर्षी शेवटचं पाणी काकाच्या तिन्ही बांध्यांत पोहोचलं. तिथून वर चढत मधल्या काही बांध्या भिजल्या आणि तलाव संपला. गावात थोडी कुरबुर झाली, पण आमचा फाटा भावाने स्वतः बुजवलेला पाहून ज्याची त्याची बोलती बंद झाली. काकाचा धान चांगला भरला. आमच्या लोंब्या उभ्याच राहिल्या, म्हणजे आत दाणा पुरता भरला नव्हता.

भाऊ दरवर्षी भरडून आणलेले तांदूळ माझ्या घरी पोहोचवतो. या वर्षीही आणले, उतरवले, पाणी प्यायला आणि गेला. पूर्ण न भरलेला दाणा गिरणीत टिकत नाही. पोत्यात अर्धी कणी होती. बायकोने मूठभर परातीत घेऊन बोटांनी पसरवली. काका आला होता त्या दिवशी ती चहा ठेवून आत गेली होती, त्यामुळे अर्धंच ऐकलं होतं, आणि उरलेलं मी सांगेन म्हणून वाट बघत असावी.

"यंदा इतकी कणी काऊन जी?"

"हवामान बदललं आहे," मी म्हणालो. "सगळ्या जगातच."

तिने परात खाली ठेवली. आमच्या घरात जागतिक आव्हानांचं नाव निघालं की मी काही तरी लपवतोय हे तिला तोवर कळू लागलं होतं. मी खाली बसलो आणि सांगितलं. बोरे, झेंडू, बाईंचा प्रश्न, भावाने स्वतःच्या हाताने बुजवलेला फाटा. सांगून झाल्यावर तिने परात माझ्याकडे सरकवली आणि भिंतीवरचं सूप काढून दिलं.

"मंग हे पोतं तुमीच पाखडा," ती म्हणाली, आणि आत गेली.

मला सूप धरता येत नव्हतं. पहिल्या दिवशी कणीबरोबर चांगले तांदूळही जमिनीवर गेले आणि ते वेचायला मला संध्याकाळ झाली. पोतं अजून अर्धं आहे.